तोफा ओतणारा मुसाराम

विद्यार्थी मित्रहो, आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी खर्ड्याच्या लढाईवर एक छोटेखानी नाटिका बसविण्याचे ठरले, तेव्हा रंगमंचावर तोफ पाहिजेच असा आग्रह वरच्या वर्गातील मुलांनी धरला. पुठ्ठ्याची तोफ त्यांना नको होती. जुमेरात बाजारातून त्यांनी शिवणयंत्राची एक जुनी मोटार आणली, मोडक्या सायकलीच्या चाकातील तुंबा काढला, प्लायवूडच्या दोन गोल चकत्यांना प्रत्येकी सहा भोके पाडून त्यांत सहा नळ्या बसविल्या आणि त्यांना काळा रंग दिला. मोटारीचा पट्टा मागच्या चकतीवरून फिरविला. पायपट्टी दाबताच सहाही नळ्या गरगर फिरू लागत आणि घरघर असा आवाज होई. तयार मिळालेला भाग एकही नव्हता. जो तो घासून, कापून, जुळवून घ्यावा लागला होता. मुलांच्या हस्तकौशल्याचे आम्हांला मोठे कौतुक वाटले.

रंगीत तालमीच्या दिवशी मात्र एक गंमत झाली. एका विद्यार्थ्याचे वयोवृद्ध आजोबा तालीम पाहण्यास आले होते. नाटिका संपल्यावर त्यांनी मुलांना जवळ बोलाविले, पाठ थोपटली आणि अगदी हळुवारपणे विचारले की, १७९५ सालच्या रणांगणावर ही फिरत्या नळ्यांची तोफ आली कोठून? मुले एकमेकांकडे पाहू लागली. मग आजोबांनी दुसरा प्रश्न केला. त्या लढाईत निजामाच्या बाजूने ज्या तोफा धडाडल्या, त्या कोणी ओतल्या आणि कोठे? याही प्रश्नाचे उत्तर कोणास देता आले नाही, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांलाही ते धड ठाऊक नव्हते. ती जागा आपल्या नामपल्लीहून पायी जाण्याच्या अंतरावर आहे, असे त्यांनी सांगितले, तेव्हा आम्ही मनातून ओशाळलो. त्या ओशाळण्यातूनच हा लेख लिहिला गेला आहे.

प्रथम मुलांच्या तोफेविषयी दोन शब्द. फिरत्या नळ्यांची बंदूक अमेरिकेतील रिचर्ड गॅटलिंग या संशोधकाने सिद्ध केली आणि तिचे पेटंट त्याला ४ नोव्हेंबर १८६२ रोजी मिळाले. तिला सहा नळ्या असत आणि त्या फिरविण्यासाठी हाताने दांडा फिरवावा लागे. एका नळीतून गोळी सुटली की ती बाजूला सरके व दुसरी तिच्या जागी येई. त्यामुळे तापलेल्या नळीला निवण्यास थोडा अवकाश मिळे. गॅटलिंगने १८९३ साली या यंत्राला विजेची मोटार जोडून पाहिली. त्या काळी तिचे कोणास फारसे महत्त्व वाटले नाही. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन तंत्रज्ञांनी तीच कल्पना पुन्हा हाती घेतली, आणि विमानांवर व हेलिकॉप्टरांवर बसविल्या जाणाऱ्या आजच्या सहानळी बंदुका तीतून निघाल्या. तात्पर्य, आमच्या मुलांची तोफ खर्ड्याच्या माळावर ६७ वर्षे आधीच येऊन पोहोचली होती!

आता ज्याच्या तोफा तेथे खरोखर होत्या, त्या पुरुषाच्या चरित्राकडे वळू.

मिशेल जोआकिम मारी रेमंड याचा जन्म फ्रान्स देशाच्या नैर्ऋत्य भागातील सेरिन्याक या गावी २० सप्टेंबर १७५५ रोजी झाला. वयाच्या विसाव्या वर्षी, म्हणजे १७७५ साली, तो व्यापाराच्या उद्देशाने पाँडेचरीस, म्हणजे आजच्या पुदुच्चेरीस, येऊन दाखल झाला. परंतु तो काळ तागडीचा नव्हता, तलवारीचा होता. इंग्रज आणि फ्रेंच या दोन राष्ट्रांची स्पर्धा युरोपात जितकी चाले, तितकीच ती आपल्या कर्नाटकात आणि दख्खनमध्ये चाले. तरुण रेमंडने व्यापाराचा नाद सोडला व म्हैसूरच्या हैदरअलीच्या पदरी असलेल्या फ्रेंच पथकात तो दाखल झाला. पुढे १७८३ साली बुसी हा वयोवृद्ध फ्रेंच सेनापती पुन्हा हिंदुस्थानात आला, तेव्हा रेमंड त्याच्या निकटच्या अधिकाऱ्यांपैकी एक झाला.

हे बुसीचे नाव मराठी वाचकांना अपरिचित नाही. १७५० नंतरच्या दशकात याच बुसीने हैदराबादेस राहून कवायती पायदळ आणि चपळ तोफखाना म्हणजे काय, हे दख्खनला दाखवून दिले होते. त्याच्या हाताखाली शिकलेला इब्राहिमखान गारदी पुढे मराठ्यांकडे आला, आणि पानिपतच्या रणात १७६१ साली आपल्या गारद्यांसह व तोफखान्यासह भाऊसाहेबांसाठी प्राण देऊन गेला. अशा रीतीने तोफखान्याची विद्या एका घरून दुसऱ्या घरी जात होती. १७८५ च्या आरंभी पाँडेचरीस बुसीचा मृत्यू झाला, आणि रेमंडने नोकरीसाठी हैदराबादची वाट धरली. त्या वेळी येथे निजामअली खान, म्हणजे दुसरे आसफजाह, राज्य करीत होते.

रेमंडचा आरंभ किती लहान होता, हे प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याच्यापाशी अवघे ३०० शिपाई होते आणि त्यांना देण्यास स्वतःच्या बंदुका नव्हत्या. एका फ्रेंच व्यापाऱ्याकडून त्याने दर बंदुकीस महिना आठ आणे भाडे देऊन त्या आणल्या. भाड्याच्या बंदुकांवर कवायत शिकविणारा हा परदेशी मनुष्य पाहून दरबारातील पुष्कळांनी नाक मुरडले असेल. परंतु एक गोष्ट त्याने ओळखली होती. जो भाड्याचे शस्त्र वापरतो, तो शस्त्र देणाऱ्याचा मिंधा राहतो. म्हणून शिपायांची संख्या वाढविण्याबरोबरच शस्त्र घरीच घडविण्याची सोय करण्याच्या मागे तो लागला.

आज आबिदांच्या चौकातून फतेह मैदानाकडे जाताना ज्या भागास गनफाउंड्री असे इंग्रजी नाव आहे आणि ज्यास जुने लोक तोप का साँचा म्हणत, तेथे १७८६ साली रेमंडने तोफांची ओतशाळा उभारली. तोफा आणि त्यांचे गोळे या ठिकाणी ओतले जात. आपल्यापैकी किती जण रोज त्या वाटेने ये-जा करतात! बसच्या वाहकाने त्या थांब्याचे नाव पुकारले की आपण उतरतो. पण त्या नावात भट्टी आहे, वितळलेले पितळ आहे आणि एका मनुष्याची जिद्द आहे, हे आपल्या ध्यानी येत नाही.

तोफ ओतणे म्हणजे काय, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. त्या काळची सर्वसाधारण रीत अशी होती. प्रथम एका निमुळत्या लाकडी दांड्यावर दोरी गुंडाळून तीवर मातीचे थर देत. हा दांडा आडवा ठेवून फिरवीत, आणि तोफेच्या आकाराप्रमाणे कापलेली फळी त्याला लावून धरीत. म्हणजे फिरता फिरता मातीला तोफेचा घाट येई. कुंभाराचे चाक उभे असते तर जसे दिसेल, तसेच हे काम दिसे. या मातीच्या तोफेवर मेण अथवा चरबी चोपडीत. त्यावर पुन्हा बारीक चाळलेल्या मातीचे, केस व लीद मिसळून कालविलेल्या मातीचे, एकावर एक थर चढवीत, ते वाळवीत आणि लोखंडी पट्ट्यांनी आवळीत. आतील दांडा, दोरी व माती काढून टाकली की उरे तो पोकळ साचा.

हा साचा खड्ड्यात उभा पुरीत, बुडाची बाजू खाली आणि तोंड वर, आणि भोवती माती घट्ट ठोकीत. शेजारच्या भट्टीत तांबे वितळवीत आणि त्यात दहाव्या हिश्श्याच्या सुमारास कथील घालीत. तांबे एकटे असले तर तोफ मऊ राहते. कथील अधिक झाले तर ती ठिसूळ होते व फुटते. हा मेळ साधणे हेच कारागिराचे खरे कसब. वेळ आली म्हणजे भट्टीचे तोंड फोडून तो लाल रस पाटाने साच्यात सोडीत. साच्यात पाण्याचा अंश राहिला असेल तर वाफ होऊन सारेच उसळे आणि जवळची माणसे होरपळत. तोंडाकडे मुद्दाम जास्त धातू ओतीत, कारण हलका मळ व बुडबुडे वर चढतात. तो भाग मागाहून कापून टाकीत. मग नळीचे पोट पात्याने कोरून गुळगुळीत करावयाचे, बत्ती देण्याचे छिद्र पाडावयाचे, आणि नेहमीपेक्षा अधिक दारू भरून तोफेची परीक्षा घ्यावयाची. परीक्षेत फुटली तर सारे श्रम फुकट.

साचा फोडल्याशिवाय तोफ बाहेर निघत नसे, म्हणून प्रत्येक तोफेस नवा साचा लागे. सख्ख्या भावंडांतही जसा थोडा फरक असतो, तसाच तो दोन तोफांत राही. आणि नळी सिद्ध झाली म्हणजे काम झाले असे नव्हे. तिला गाडा हवा, गाड्यास चाके हवीत, चाकांना धावा हव्यात, ओढण्यास बैल हवेत, ठासण्यास गज हवा, नळी निववून पुसण्यास ओला बोळा हवा, आणि या सर्वांस सरावलेले गोलंदाज हवेत. सुतार, लोहार, ओतारी, चर्मकार, दारू कुटणारे, असे अनेक हात एका तोफेच्या मागे असत. त्या हातांची नावे इतिहासाने लिहून ठेविली नाहीत. ओतशाळेचे श्रेय रेमंडला मिळाले. परंतु ते हात बहुतांशी याच मातीतले असले पाहिजेत, हे आपण विसरता कामा नये.

कोणी म्हणेल, ही विद्या आपल्याकडे आधी नव्हती काय? होती. विजापूरची प्रचंड मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगर येथे महंमद बिन हुसेन रूमी याने ओतली. तिचे वजन सुमारे ५५ टन आहे. पेशव्यांचेही तोफांचे व दारूगोळ्याचे कारखाने होते. परंतु भली मोठी तोफ किल्ल्यावर शोभते. धावत्या लढाईत ती ओझे होते. अठराव्या शतकात युरोपने जे साधले, ते आकाराने लहान, वजनाने हलक्या आणि मापाने एकसारख्या तोफांचे. फ्रान्समध्ये १७६५ च्या सुमारास ग्रिबोव्हाल या अधिकाऱ्याने तोफा, गाडे व गोळे यांची मापे ठरवून दिली होती. माप एक असले म्हणजे एका तोफेचा गोळा दुसरीस चालतो आणि एका गाड्याचे चाक दुसऱ्यास बसते. लहानशी वाटणारी ही गोष्ट लढाईत जीव वाचविते. आमच्या मुलांना सहा नळ्या सहा मापांच्या मिळाल्या, तेव्हा त्या चकतीत बसविताना त्यांची काय त्रेधा उडाली, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे!

रेमंडचे पथक वाढत गेले. ३०० चे ७०० झाले, ७०० चे हजारो झाले. टिपू सुलतानाविरुद्ध १७९० ते १७९२ या काळात झालेल्या युद्धात निजामाच्या सैन्याबरोबर त्याच्या पलटणी होत्या. शिपायांच्या पगारासाठी त्याला मुलूख लावून दिलेला होता. १७९५ साली त्याच्या हाताखाली सुमारे ११,००० कवायती पायदळ होते, आणि ते फ्रान्सच्या नव्या प्रजासत्ताकाच्या तिरंगी निशाणाखाली चाले.

चौथाईच्या थकबाकीवरून पुणे व हैदराबाद यांच्यात बेबनाव झाला आणि ११ मार्च १७९५ रोजी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील खर्डा या गावाजवळ, दोन्ही सैन्यांची गाठ पडली. मराठ्यांकडून सवाई माधवराव पेशवे, नाना फडणवीस, सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन, दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरकर रघूजी भोसले असे सर्व सरदार एकत्र आले होते. मराठी दौलतीचा असा एकोपा पुन्हा दिसला नाही, म्हणून या लढाईची आठवण आपण अभिमानाने काढतो.

परंतु एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. निजामाकडे रेमंड होता, तसाच शिंद्यांकडे पेराँ होता, आणि तोही फ्रेंचच. शिंद्यांच्या कवायती कंपूंसाठी आग्र्यास ज्या तोफा ओतल्या जात, त्यांवर सँगस्टर नावाचा स्कॉटलंडचा कारागीर देखरेख करी. म्हणजे खर्ड्याच्या माळावर दख्खनच्या दोन दौलती लढत होत्या; पण दोहोंच्या तोफखान्याची विद्या मात्र परक्यांच्या हाती होती. आमच्या मते त्या दिवसाचा सर्वांत मोठा धडा हाच आहे.

लढाईत रेमंडच्या पलटणी पाय रोवून उभ्या राहिल्या. तथापि भोसल्यांचे बाण आणि पेराँच्या तोफा यांच्या माऱ्यापुढे निजामाच्या घोडदळाची फळी फुटली. निजामअली स्वतः घाबरून मागे फिरले आणि त्यांनी रेमंडलाही मागे बोलाविले. रात्रीच्या अंधारात कोठेतरी बंदुका झडल्या, सैन्यात एकच घबराट उडाली, आणि सकाळी मराठ्यांना पाहावयास मिळाल्या त्या वाऱ्यावर सोडलेल्या तोफा व विखुरलेले सामान, असे सांगतात. निजामअली खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडले गेले व अखेर त्यांना तह करावा लागला. मोठी रक्कम, दौलताबादेसह मुलूख आणि दिवाण अरस्तुजाह यांना मराठ्यांच्या स्वाधीन करणे, अशा कठीण अटी त्यांनी मान्य केल्या. ओतशाळेत महिनोन् महिने खपून केलेल्या तोफा एका रात्रीत परक्या झाल्या! उत्तम शस्त्र असले तरी धीर सुटला म्हणजे ते शस्त्र निरुपयोगी ठरते.

एवढ्या पराभवानंतर रेमंडचे महत्त्व कमी होईल असे कोणासही वाटले असते, झाले उलटेच. या युद्धात इंग्रजांनी निजामाच्या मदतीस येण्याचे नाकारले होते. त्यामुळे रागावून निजामअलींनी इंग्रजांच्या पलटणींना निरोप दिला आणि रेमंडवर अधिक भार टाकला. त्याच वर्षी शाहजादा अलीजाह याने बापाविरुद्ध बंड केले, ते मोडण्यातही रेमंडचा मोठा वाटा होता. बंड मोडले गेले आणि अलीजाह हैदराबादेस पोहोचण्यापूर्वीच मरण पावला. रेमंडचे सैन्य पुढे चौदा हजारांवर गेले. हैदराबादच्या वेशीवर फ्रेंच निशाण फडकताना पाहून इंग्रजांची झोप उडाली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

रेमंड केवळ शिपाईगडी असता तर आज त्याचे नाव केवळ ग्रंथांत राहिले असते. परंतु येथील सामान्य लोकांनी त्याला आपला मानला. फ्रेंच भाषेत श्रीमान या अर्थी जो शब्द आहे, त्याचा दख्खनी जिभेवर मुसा झाला. पुढच्या नावाचे हिंदूंनी राम केले, मुसलमानांनी रहीम केले. कोणाचा मुसाराम, तर कोणाचा मुसारहीम! मलकपेठेजवळचा मुसारामबाग हा भाग त्याच्या नावाने आजही ओळखला जातो. परमुलखातून पैका मिळविण्यास आलेल्या मनुष्याला दोन्ही धर्मांचे लोक आपापल्या देवाचे नाव देतात, ही गोष्ट काही सामान्य नव्हे.

२५ मार्च १७९८ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, रेमंड एकाएकी मरण पावला. त्याला विष देण्यात आले अशी कुजबूज त्या वेळी झाली, परंतु त्यास पुरावा मिळालेला नाही. त्याच्या जागी पिराँ नावाचा दुसरा फ्रेंच अधिकारी आला. त्याच्या अंगी रेमंडचा धोरणीपणा नव्हता.

यानंतरची हकीकत वाचताना मन विषण्ण होते. रेमंडच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांच्या आत वेलस्ली हा नवा गव्हर्नर जनरल कलकत्त्यास येऊन दाखल झाला. हैदराबादचे फ्रेंच सैन्य मोडून काढावयाचे, हे त्याने मनाशी पक्के केले होते. १ सप्टेंबर १७९८ रोजी इंग्रजांनी निजामाशी तैनाती फौजेचा तह केला. ऑक्टोबरात इंग्रजांच्या पलटणी हैदराबादेस येऊन पोहोचल्या. इकडे रेमंडच्या शिपायांचा पगार थकला होता. त्यांनी चिडून आपल्याच अधिकाऱ्यांना कोंडून ठेविले. ही संधी साधून २२ ऑक्टोबर १७९८ रोजी इंग्रजांनी छावणीस वेढा घातला. थकलेला पगार देण्याचे आश्वासन मिळताच शिपायांनी शस्त्रे खाली ठेविली. बारा वर्षांत उभे केलेले सैन्य एका दिवसात, रक्ताचा थेंबही न सांडता, नाहीसे झाले. पुढच्याच वर्षी, ४ मे १७९९ रोजी, श्रीरंगपट्टण पडले व टिपू सुलतान मारला गेला. त्या मोहिमेत निजामाचे सैन्य इंग्रजांच्या बाजूने होते. मराठी राज्याचा अस्तही मग फार दूर राहिला नाही.

असे का झाले? रेमंडने तोफा ओतल्या, पलटणी घडविल्या. परंतु त्याच्यामागे ते काम चालविणारा येथील एकही मनुष्य त्या अधिकारावर नव्हता. पलटणींचे अधिकारी परके, विद्या परकी, निशाण परके. आपले होते ते केवळ शिपाई व कारागीर. ज्या दिवशी पगार थकला, त्या दिवशी त्या शिपायांना लढण्यास कारणच उरले नाही. भाड्याच्या बंदुका टाकून त्याने स्वतःच्या तोफा केल्या, हे रेमंडचे यश. आणि तोफा स्वतःच्या झाल्या तरी विद्या भाड्याचीच राहिली, हे त्या काळच्या आपल्या राजांचे अपयश. हैदराबादचे तसे पुण्याचे, पुण्याचे तसे ग्वाल्हेरचे. यात कोणी कोणास हसावयाचे कारण नाही.

आजोबांच्या सांगण्यावरून एका रविवारी आम्ही नाटिकेतील मुलांस घेऊन रेमंडच्या समाधीवर गेलो. आसमानगढाच्या टेकडीवर ही समाधी आहे. सुमारे २३ फूट उंचीचा, वर निमुळता होत गेलेला दगडी स्तंभ, आणि त्यावर त्याच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे. स्तंभावर देवाचे चिन्ह नाही, की लांबलचक लेख नाही. शेजारी ग्रीक धर्तीचा खांबांचा मंडप आहे. तो २००१ साली कोसळला होता व नंतर पुन्हा उभारण्यात आला. पूर्वी रेमंडच्या पुण्यतिथीस लोक येथे येऊन दिवे लावीत व ऊद जाळीत. त्याने उभे केलेले सैन्य गेले, ओतशाळेचे पडके अवशेष तेवढे राहिले. पण लोकांनी दिलेले नाव मात्र टिकले.

तेथे एका मुलाने आम्हांला विचारले की, हा मनुष्य तर आपल्या पूर्वजांवर तोफा डागणारा. मग त्याच्या समाधीपुढे आपण हात का जोडावे? प्रश्न रास्त होता. तो ऐकून इतर मुलेही आमच्या तोंडाकडे पाहू लागली. आम्ही त्यास एवढेच सांगितले की, हात जोडणे न जोडणे ज्याच्या त्याच्या मनावर आहे; परंतु ज्याच्याशी आपले पूर्वज लढले त्याची योग्यता ठाऊक नसेल, तर पूर्वजांच्या विजयाची योग्यताही आपल्याला कळणार नाही. शिवाय आपण मराठी बोलणारी माणसे पिढ्यान् पिढ्या या शहरात राहत आहोत. खर्डा आपला आहे, तसा तोप का साँचाही आपलाच आहे. त्या मुलाने क्षणभर विचार केला आणि मग हात जोडले. इतरांनीही जोडले.

संमेलनाच्या रात्री रंगमंचावर सहा नळ्यांची तोफ आली नाही. मुलांनी आठ दिवस खपून एक साधी, एका नळीची लाकडी तोफ केली. तिला बैलगाडीच्या धर्तीची दोन चाके लावली, शेजारी ठासणीचा गज व पाण्याची बादली ठेविली, आणि तोफेमागे गोलंदाजांबरोबर एक ओतारी व एक सुतार उभा केला. मूळ नाटिकेत ही पात्रे नव्हती. ती मुलांनीच घातली. आजोबा पहिल्या रांगेत बसले होते. शिवणयंत्राची मोटार वाया गेली नाही. विज्ञान प्रदर्शनात ती सहा नळ्यांसह मांडली गेली आणि खाली मुलांनी तिचे खरे साल लिहिले होते.

विद्यार्थी मित्रहो, हाताने काही घडविण्याचा आनंद मोठा आहे, तो जरूर घ्या. मात्र वस्तू घडविताना तिच्यामागची विद्याही पुरती आपलीशी करा, आणि ती शेजाऱ्यालाही शिकवा. एका माणसाच्या डोक्यात राहिलेली विद्या त्याच्याबरोबर जाते. अनेकांच्या हाती उतरलेली विद्या टिकते. पुढच्या खेपेस बसचा वाहक गनफाउंड्रीचे नाव पुकारील, तेव्हा क्षणभर खिडकीबाहेर पाहा.